भाड्याच्या मोटारीत घेतलेली माणसं

येडशीच्या स्टेशनावर छोटी गाडी यायची होती आणि माझा धाकटा भाऊ भागवत माझ्या ट्रंकेवर बसला होता. पत्रा वाकेल, ऊठ, असं मी त्याला सांगितलं. तो उठला नाही. "बसू दे की आक्का, आता काय तू रोज भांडायला येणार हाईस व्हय," म्हणाला. बाबा शेजारी उभे राहून रुळांकडं बघत होते. माय तेरखेड्यातच राहिली होती. मी निघताना ती उंबऱ्याबाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "तू चाललीस तर चाललीस. पण भागवतला लवकर तिकडं वढून घे. त्या कामातनं माझं पोरगं सोडव."

ते काम म्हणजे फटाक्यांचं. तेरखेड्यात शोभेची दारू कुटणारी घरं पूर्वीपासून आहेत. देवाच्या छबिन्यापुढं उडतात ते बाण, ती झाडं, ते भुईनळे आमच्या गावात होतात. बघणाऱ्याला मजा वाटते. कुटणाऱ्याच्या घरी बाईला स्वयंपाक करताना धास्ती असते, कारण चूल एकीकडं आणि खल दुसरीकडं. आदल्या वर्षी दारू कुटताना भडका उडाला आणि भागवतच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तो उरलेल्या तीन बोटांनी विडी धरायचा आणि हसायचा. मायला हसू येत नव्हतं. मलाही नाही.

गाडी आली. तिथं ती फार थांबत नसे आणि माझं सामान जास्त होतं, त्यामुळं रडायला वेळ मिळाला नाही. लोक लिहितात तसं काही माझ्या मनात आलं नाही. मला एवढंच वाटलं की मडक्यातलं लोणचं सांडू नये. कुर्डुवाडीला गाडी बदलून मुंबई, आणि मुंबईहून आगबोटीनं कुवेत. लोणचं बोटीतच सांडलं.

कुवेतला आमचे हे आधीच जाऊन राहिले होते. हे ड्रायव्हर. सोलापूर ते तुळजापूर यात्रेकरूंची मोटार चालवायचे. मोटार मालकाची, चालवणारे हे. निजामाचं राज्य गेलं, आधी इंडियात आणि मग महाराष्ट्रात आलो, तरी यांची शाळा उर्दूत झालेली ती उर्दूतच राहिली. मी मराठी चौथीपर्यंत शिकले. घरात कागद आला की मराठी मी वाचायची आणि उर्दू हे वाचायचे. पुढं त्याचा उपयोग झाला. कुवेतमध्ये रस्त्यावरच्या अरबी पाट्या यांना घडाघडा वाचता यायच्या. अर्थ मात्र कळायचा नाही. पाटी मोठ्यानं वाचायची आणि गाडी हाकत राहायचं.

यांची एक खोड मी तेव्हाच ओळखायला हवी होती असं लोक म्हणतात. ओळखली होती, पण आमच्याकडं ती खोड नव्हती, रीत होती. सोलापूरहून तुळजापूरचा रस्ता उन्हाचा. मंगळवारी, शुक्रवारी, पुनवेला बाया कडेवर लेकरं घेऊन देवीला चालत निघतात. गाडीत जागा असताना चालणाऱ्या माणसाला मागं टाकून जायचं हे यांना जमतच नव्हतं. गाडी थांबवायची, आतल्यांना सरका म्हणायचं आणि त्या बाईला वर घ्यायचं. आतले कुरकुरायचे आणि सरकायचे. कुणी पैसे द्यायचं, कुणी नाही. पोलीस असला तर तोही बसायचा. यांच्या दृष्टीनं मोटार चालवणं म्हणजे हेच.

कुवेतची नोकरी लागली ती उस्मानाबादच्या इब्राहिमभाईंमुळं. त्यांचं घर आणि यांच्या मालकाचा गाडीतळ लागून होते. इब्राहिमभाई तिकडं एका बांधकामाच्या कंपनीत मुकादम होते. त्यांनी यांना ट्रकवर लावून घेतलं. आम्ही राहायचो तेलाच्या विहिरींच्या बाजूच्या एका गावात. दोन खोल्या, अंगण इब्राहिमभाईंचं आणि आमचं मिळून. पाणी टँकरचं. कोपऱ्यावर बकाला, म्हणजे वाण्याचं दुकान, तिथं डाळ मिळायची पण ज्वारी नाही. पहिले कितीतरी महिने मला पोट भरल्यासारखंच वाटलं नाही. हे तोंडानं "बरं हाय की इथं" म्हणायचे आणि झोपेत भाकरी मागायचे.

तिथं आपल्या देशातलं लायसन चालत नाही. त्यांचा रुखसा काढावा लागतो, म्हणजे त्यांचं लायसन, आणि त्यासाठी परीक्षा. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला शिकाऊ म्हणून बसवलं तेव्हा यांचा अपमान झाला. पण परीक्षा रास्तच होती. तिथं गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानं चालते आणि स्टेअरिंग डाव्या हाताला असतं. हे रोज उलट्या बाजूचं दार उघडून बसायचे, मग खाली उतरून पलीकडं जायचे. चौकात गोल चक्कर असायचं, त्याला उलटी प्रदक्षिणा घालायला निघायचे. पहिल्या परीक्षेत नापास केलं. दुसऱ्या वेळी इब्राहिमभाईंनी रिकाम्या मैदानात डबे मांडून यांना गोल गोल फिरवलं. मग रुखसा मिळाला. तो हे रुमालात बांधून ठेवायचे.

माय दर पत्रात एकच वाक्य लिहून घ्यायची. भागवतचं काय झालं. मी यांच्या मागं लागले, हे इब्राहिमभाईंच्या मागं लागले आणि इब्राहिमभाई मुदीरच्या, म्हणजे कंपनीच्या मॅनेजरच्या. फार दिवस गेले. शेवटी कंपनीनं भागवतला गॅरेजात मदतनीस म्हणून घ्यायचं कबूल केलं आणि परवानगीचा कागद निघाला. त्या कागदाशिवाय बोटीवरच्या माणसाला खाली पाय ठेवता येत नव्हता. कागदाची नक्कल भागवतकडं गेली, पण शिक्क्याचा मूळ कागद कंपनीच्या माणसानं धक्क्यावर नेऊन दाखवायचा आणि मग माणूस उतरवून घ्यायचा, असा तिथला नियम. कंपनीनं त्या कामाला यांचंच नाव दिलं. मेव्हणा यांचा, मग जाणार दुसरा कोण.

बोट शुक्रवारी येणार होती. सुट्टीचा दिवस. ट्रक खासगी कामाला मिळत नव्हता.

"टॅक्सी करू," मी म्हणाले.

"म्या डायवर माणूस," हे म्हणाले, "आन् मेव्हण्याला आणायला दुसऱ्याच्या गाडीत बसून जाऊ? तेरखेड्यात काय तोंड दाखवू?"

"तेरखेडं इथं बघायला येतंय का?"

"भागवत कळवंल की. त्येला म्या लिवलंय, मोटार घिऊन येतो म्हून."

म्हणजे ठरवून बसले होते. मग आम्ही एका गॅरेजवाल्याकडून दिवसाच्या भाड्यानं मोटार घेतली. गॅरेजवाला शामकडचा, म्हणजे सीरियाचा, गोरा, तोंडानं फटकळ. त्यानं रुखसा बघितला, गाडीवरचा एकेक ओरखडा यांना बोट लावून दाखवला, पेट्रोल जेवढं आहे तेवढं परत भरून आण म्हणाला. आणि शेवटी यांच्याकडं, माझ्याकडं आणि एका रिकाम्या जागेकडं बोट करून म्हणाला की गाडीत एवढीच माणसं. आणखी कुणी नाही. ही टॅक्सी नव्हे. टॅक्सीचा परवाना वेगळा, पाटीही वेगळी. इब्राहिमभाई सोबत आले होते, त्यांनी ते आपल्या भाषेत पुन्हा सांगितलं. "भाई, नीट ऐक. तू, भाभी आन् येणारा पावना. बस. रस्त्यात कोणाला घिऊ नको. इथं त्याला धंदा समजतात आन् रुखसा काढून घेतात."

"घेत न्हाय," हे म्हणाले.

मी बॉनेटला हळदकुंकू लावलं. गॅरेजवाला धावत आला आणि फडक्यानं पुसून टाकलं. रंग खराब होतो म्हणे. आम्ही चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं होतं, ते मी पिशवीतच राहू दिलं.

त्या दिवशी गाडी मात्र यांनी फार नीट चालवली. उजवी बाजू सोडली नाही, चकरीला थांबून डावीकडं बघितलं, वेग वाढू दिला नाही. मी दरवेळी समोरून गाडी आली की अंग चोरायची, कारण मला ती चुकीच्या बाजूनं येतेय असंच वाटायचं. दोन्ही बाजूंना वाळू, लांब विहिरींवरच्या ज्वाळा, आणि ऊन असं की डांबर ओलं दिसावं. शिक्क्याचा कागद यांच्या आतल्या खिशात होता. मी दोनदा विचारलं, यांनी दोनदा खिशावर हात मारून दाखवला.

गाव मागं पडलं आणि रस्त्याच्या कडेनं एक म्हातारा चाललेला दिसला. पाठीवर गाठोडं, डोक्याला फडकं. यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"न्हाय," मी म्हणाले.

"ऊन बघ."

"ह्यो तुळजापूरचा रस्ता न्हाय."

"ऊन तर त्योच हाय."

"इब्राहिमभाईंनी काय सांगितलंय?"

"पैसे घिऊन घिऊ नको म्हून सांगितलंय. म्या कुठं पैसे घेतोय."

तसं कुणीही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं की घेऊच नको. पण यांच्या डोक्यात ते असं शिरलं, कारण माणसाला गाडीत घेणं हा गुन्हा कसा असेल हे यांना पटत नव्हतं. म्हातारा इराणी होता. तो मागं बसला, पाणी मागितलं, आमच्या तांब्यातलं प्यायला आणि डोळे मिटून घेतले. पुढं मलबारचे दोन शिंपी उभे होते. शहरात नातलगाकडं जेवायला निघाले होते आणि बस चुकली होती. त्यांच्यानंतर एक बलुची हमाल. तो आडदांड होता, म्हणून शिंप्यांना एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखं बसावं लागलं. हे आरशात बघून खूश. मला म्हणाले, "कसं भरल्या घरावानी वाटतंय." मी म्हणाले, "भागवत कुठं बसणार?" तर म्हणाले, "तवर उतरतील की ही."

शहराच्या तोंडाशी चकरीवर शुर्ता उभा होता. शुर्ता म्हणजे पोलीस. भाड्याची पाटी आणि आत सहा माणसं, एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. त्यानं हात केला. हे थांबले, रुखसा दाखवला, गाडीचे कागद दाखवले. सगळं बरोबर. मग तो मागच्या खिडकीतून वाकला आणि विचारू लागला की हा चालवणारा तुमचा कोण.

म्हातारा झोपला होता. थोरल्या शिंप्याला अरबी येत होती. त्याला वाटलं, आपण फुकट बसलो म्हणून पोलीस विचारतोय. भला माणूस. त्यानं खिशातून नाणी काढून तळहातावर धरली आणि सांगितलं की आम्ही फुकटे नाही, उतरताना देणारच होतो, हा ड्रायव्हर फार चांगला आहे.

झालं.

हे उतरून सांगू लागले. उर्दू, अरबी आणि मराठी एकत्र करून. मी पैसे घेत नाही, सवाब, म्हणजे पुण्य, म्हणून घेतलं, उन्हात होते म्हणून घेतलं. सवाब हा शब्द पोलिसाला कळला. तो म्हणाला, सवाब करायचा तर टॅक्सीचा परवाना काढून कर. त्याच्यापाशी असंच म्हणणारे रोज किती येत असतील. यांचा रुखसा त्यानं खिशात घातला, किल्ली घेतली आणि आम्हाला चौकीवर नेलं. शिंप्यानं पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. मी त्याला हात जोडून गप्प बस म्हणाले.

चौकीत एक बाकडं होतं. साहेब नमाजानंतर येतील म्हणाले. बोटीवरची माणसं दुपारपर्यंतच उतरवतात हे आम्हाला ठाऊक होतं. मी यांना म्हणाले, "कागद द्या माझ्याकडं."

"तू एकली कुठं जाशील?"

"तुम्ही तरी कुठं चाललाय?"

त्यांनी कागद दिला. मी बाहेर आले आणि रस्त्यावर उभी राहिले. हात केला. एकामागून एक मोटारी गेल्या. मोठ्या, लांबलचक, एकेक माणूस आत बसलेला. कुणी थांबलं नाही. कसे थांबतील, थांबले असते तर त्यांचाही रुखसा गेला असता. नियम पाळणारी चांगली माणसं होती ती. मी त्यांना एकजात शिव्या घातल्या. शेवटी तो थोरला शिंपी कुठूनतरी खरी टॅक्सी घेऊन आला, ड्रायव्हरला बंदराचं नाव सांगितलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

धक्क्याच्या फाटकावर मी कागद दाखवला. तिथला बाबू चांगला होता. त्यानं कागद वाचला आणि विचारलं की यात नाव आहे तो कंपनीचा माणूस कुठं आहे. मी म्हणाले, मी त्याची बायको. तो म्हणाला, बायकोचं नाव इथं नाही. चौकीत आहे म्हणाले असते तर आणखी बिघडलं असतं, म्हणून आजारी आहे म्हणाले. तो म्हणाला, मग कंपनीचा दुसरा माणूस आणा. शुक्रवारच्या दुपारी कंपनीचा दुसरा माणूस मी कुठून आणणार?

फाटकातून बोट दिसत होती. उतरायची माणसं उतरून गेली होती. बाकीची वर कठड्याला टेकली होती. भागवतनं मला आधी ओळखलं, माझ्या नऊवारीवरून. त्यानं हात वर केला, तीन बोटांचा, आणि मग मलाही तो दिसला.

"आक्का, दाजी कुठायत?" तो ओरडला.

मी काही बोलले ते वाऱ्यात गेलं.

"मोटार आणली नव्हं?"

मी नुसता हात हलवला. त्यानं त्याचा अर्थ काय घेतला कोण जाणे. तो वळकटी खांद्यावर घेऊन जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. संध्याकाळी बोट बसऱ्याला निघाली तेव्हाही तो तिथंच उभा होता.

बोट बसऱ्याहून परत मुंबईला जाताना पुन्हा कुवेतला थांबणार होती. तेवढी आशा होती. इब्राहिमभाईंनी मुदीरच्या हातापाया पडून यांना सोडवलं. दंड झाला, रुखसा काही महिन्यांसाठी गेला आणि गॅरेजवाल्यानं आम्हाला परत दारात उभं करायचं नाही असं सांगितलं. ट्रक सुटला, हे गोदामात पोती उचलू लागले. बोट परत आली तेव्हा आम्ही टॅक्सीनं गेलो, कंपनीचा दुसरा माणूस बरोबर घेऊन. कागद बघितला, शिक्का पडला. भागवतला खाली आणलं आणि जकातीच्या शेडमध्ये आमच्यासमोर उभं केलं.

तो वाळला होता, दाढी वाढली होती. हात रिकामे होते.

"वळकटी कुठाय तुझी?" मी विचारलं.

"वर ठिवली."

मला तेव्हाच कळलं.

"म्या जातो माघारी, आक्का."

"येडा झालास का? शिक्का पडलाय."

"पडू दे." मग यांच्याकडं बघून म्हणाला, "दाजी, मोटार कुठाय तुमची? लिवलं व्हतं की."

मी सगळं सांगितलं. रस्त्यात माणसं घेतली, पोलिसानं धरलं, लायसन गेलं. भागवत ऐकत होता आणि हळूहळू हसायला लागला.

"मानसं बसवली म्हून?"

"व्हय."

"आन् पैसे बी घेतले न्हाईत?"

"न्हाय घेतले."

"मग दाजीवानी मानूस जिथं चोर ठरतो तिथं म्या तीन बोटांचा गडी काय टिकणार, सांग बरं."

हे बोलणं ऐकायला चांगलं वाटतं. आमच्या गावात लोकांनी ते पुढं कितीदा सांगितलं. पण मी समोर होते. त्याला बोट लागली होती, जाताना आणि येतानाही. ओकून ओकून तो निम्मा झाला होता. बोटीवर त्याला डांबल्यासारखं ठेवलं होतं, खाली उतरणाऱ्यांकडं बघत. आणि आपलं माणूस न्यायला आलं नाही, ही गोष्ट त्याच्या मनात रुतली होती. दाजीच्या चांगुलपणाचं नाव पुढं करून तो घरी पळत होता.

"आन् तिकडं काय करशील? परत खलावर बसशील?"

"खल न्हाय. वाती वळीन. वाती वळायला तीन बोटं पुरत्यात."

मी यांच्याकडं बघितलं. एक शब्द बोला म्हणून. हे म्हणाले, "त्येची मर्जी." तेवढंच. भागवत वाकून दोघांच्या पाया पडला आणि जिना चढून गेला. बाबूनं कागदावर आणखी काहीतरी लिहिलं आणि तो बाजूला टाकला.

टॅक्सीत परत येताना मी यांना विचारलं, "परत कुणी दिसला रस्त्यात, तर?"

"दिसला तर घेईन," हे म्हणाले.

मी बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

काही वर्षांनी आम्ही पहिल्यांदा रजेवर आलो. येडशीला उतरलो तर भागवत स्टेशनावर आधीपासून हजर. जीप ड्रायव्हरसकट भाड्यानं करून आणली होती. "दाजी, बगा, म्या तर आलो बाबा घ्यायला," म्हणाला. स्टेशनावरच्या चार लोकांना ऐकू जाईल असं. हे हसले. मला हसू आलं नाही.

येडशी सोडली आणि भागवतनं पहिली माणसं घेतली. एक सासू आणि तिची दिवस भरत आलेली सून. मग एक शेळीवाला, शेळीसकट. मग शाळेचे मास्तर. प्रत्येक वेळी तो यांच्याकडं वळून बघायचा आणि हे मान डोलवायचे. हे स्वतः उठून मडगार्डवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं खूश बघितलं नव्हतं. माझ्या परदेशी बॅगेवर शेळी उभी होती.

"ह्या डायवरकडं लायसन तरी हाय का?" मी विचारलं.

"हाय की वैनी," तो ड्रायव्हर म्हणाला. "हरवंल म्हून घरी ठिवलंय."

सगळे हसले. मी एकटीच बोलत राहिले की एवढी माणसं भरणं इथंही कायद्यात बसत नाही, गाडी उलटली तर त्या पोटुशीचं काय. ते खरंच होतं. आजही खरं आहे. कुणी ऐकलं नाही. सासूनं मला पान दिलं.

घरी मायनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "सोडवलं न्हाईस माझं पोरगं." भागवत दारातच होता. हातावर नवीन भाजलेलं होतं, पाठीवरही. वातींचं तो बोलला होता ते खोटं होतं, तो खलावरच बसत होता. मायसमोर मी काय सांगणार? तुझ्या जावयानं रस्त्यात म्हातारा बघितला, म्हणून? तिला ते कळलं असतं आणि तिनं जावयालाच शाबासकी दिली असती. भागवत त्या कामात म्हातारा झाला, बहिरा झाला, आणि आपल्या खाटेवर मेला. माझी भीती खरी ठरली नाही म्हणून काही मला बरं वाटत नाही. तो रोज सकाळी खलावर बसायला गेला, त्या प्रत्येक सकाळी मी तिकडं परक्या देशात स्वयंपाक करत होते आणि कान इकडं होते.

आता हेही नाहीत. मी उस्मानाबादेत राहते, त्याला आता धाराशिव म्हणतात. भागवतचा नातू परदेशी फिरायला निघाला आहे. तिथं मोटार भाड्यानं घेणार, फोनवरच सगळं ठरवलंय. त्यानं मला दाखवलं. मी त्याला विचारलं, गाडी कुठल्या बाजूनं चालवतात तिथं? परदेशात चालणारा परवाना काढलास का? गाडीवरचे ओरखडे आधी बघून घे. विमा आहे का? आणि गाडीत कुणाला घेऊ नकोस.

"आत्याआजी," तो म्हणाला, "इथं तरी कोण घेतंय आता."

खरं आहे. मागच्या पुनवेला त्याच्या मोटारीतून तुळजापूरला गेले. बाया कडेवर लेकरं घेऊन चालत होत्या, पूर्वीसारख्याच. मागची सीट सगळी रिकामी होती. तो थांबला नाही. दिवस बरे नाहीत, म्हणाला. कुणाचं काय होईल, केस आपल्यावर येते. त्याचं चुकत नाही. मी कुवेतमध्ये यांना हेच सांगत होते.

जे परदेशी गेले आणि जे गावात मागं राहिले, ते सगळेच मला विचारतात की तुला घर कुठलं वाटतं. तिथं कुवेतला मला कधी घर वाटलं नाही, आणि इथं आल्यावरही तसं काही झालं नाही. एवढं कळतं की मला अजून राग आहे. यांच्यावर आहे, भागवतवर आहे, त्या शिंप्यावरसुद्धा आहे. बाकी कुणावर मला राग येत नाही, येण्याइतकं कुणी माझं लागत नाही. म्हणून तेच माझं घर असावं. एक मोटार, तिच्यात हे स्टेअरिंगवर, मागं दाटीवाटीनं बसलेले लोक, आणि भागवतला जागा कुठून करायची म्हणून भांडत असलेली मी.